डाव्या बाजूचा क्लच

अंकलच्या डाव्या हाताला आता गरम-गार कळत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पण ऐकलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. गिऱ्हाइकाची एक गाडी मी नुकतीच फिरवून आणून स्टँडला लावली होती. अंकल शेजारी स्टुलावर बसले, आधाराला म्हणून डावा हात सायलेन्सरवर ठेवला आणि बोलत राहिले. कार्ब्युरेटरच्या जेटबद्दल काहीतरी सांगत होते. वास मला आधी आला. मी मनगट धरून त्यांचा हात उचलला आणि उलटा करून बघितला. तळव्यावर पांढरा पट्टा उमटला होता. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसे ते त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाईला सांगू नको."

मी सांगितलं नाही. जेवताना बाईंना, त्यांच्या बायकोला, दिसलंच. त्या उठल्या आणि मलम घेऊन आल्या.

ज्यांनी मोटरसायकल कधी चालवली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की क्लच डाव्या हाताला असतो. गिअर टाकताना तो दाबायचा, गिअर पडला की हळूच सोडायचा. दाबणं कुणालाही जमतं. खरं काम सोडण्यात असतं. ते बोटांना कळावं लागतं. ज्या हाताला तापलेला सायलेन्सर कळत नाही त्याला क्लच कसा कळणार?

आणि अंकलची गाडी साधीसुधी नव्हती. जुनी, दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक. आमच्या धंद्यात तिला नुसतं 'साडेतीनशे' म्हणतात. त्यांनी ती तरुणपणी घेतली आणि तेव्हापासून तिच्यावर काहीतरी करतच राहिले. सिलेंडरची भोकं घासून मोठी केली, पत्रा वळवून सायलेन्सर स्वतः बनवले, हँडल खाली घेतलं, फुटरेस्ट मागं सरकवले. लांब सीट काढून एकट्यापुरती, मागं कुबड असलेली सीट बसवली. मी यायच्या कितीतरी आधी ती गाडी एका माणसाची झाली होती.

ज्या सकाळी ते पडले त्या सकाळी आम्ही तिचंच इंजिन पॅक करत होतो. नवीन पिस्टन टाकले होते. अंकल वरचे नट आवळत होते, थोडे इकडचे, थोडे तिकडचे, सगळीकडून सारखे. "तेरा नंबर दे," असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच काहीतरी आलं. मला वाटलं, त्यांच्या घरच्या बोलीत बोलतायत. मग हातातला पाना पडला आणि तोंडाची एक बाजू खाली आली. मी बाईंना हाक मारली. शेजारचा केळीचा टेम्पो उभा होता, त्यात अंकलना घातलं. बाई पुढं बसून रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. मी मागं अंकलचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा पाय रिकाम्या क्रेटवर आपटत होता.

मला तेव्हा काही वाटलं नाही. माझे वडील गेले तेव्हाही काही वाटलं नव्हतं. गावाकडून फोन आला, मी मिळेल त्या गाडीनं निघालो, पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. सगळे रडत होते आणि मी दारातल्या चपला नीट लावत बसलो होतो. पाय झोपला की कसा आपला नसल्यासारखा होतो, तसं काहीतरी माझ्या आत झालं आणि ते तसंच राहिलं. काम चालतं. जेवण जातं. फक्त कळत नाही.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं सातिवलीला पत्रा दाबून भाग काढायच्या प्रेसवर लागलो. राहायला जूचंद्रला, आमच्याकडच्याच पोरांबरोबर एका खोलीत. एका सुट्टीच्या दिवशी रेल्वे स्टेशन ओलांडून या अंगाला फिरायला आलो आणि उमेळ्यात वाट चुकलो. बिल्डिंगांच्या मधे एक वाडी उरलेली. केळी, सोनचाफा, विहीर. विहिरीशेजारच्या पंपाच्या खोलीतून असा आवाज आला की मी कुंपणापाशी थांबलोच. आत एक उंच, सावळा माणूस हाफ पँटवर, एका हातानं अॅक्सिलरेटर धरून दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवत होता. त्याला दोन हात कमी पडत होते. माझ्याकडं बघून म्हणाला, "पाहुण्या, उभा काय राहिलास? धर हे."

मी धरलं. तेव्हापासून धरूनच आहे. पुढं प्रेस बंद पडली तेव्हा त्यांनी पंपाच्या खोलीला लागून मला एक खोली काढून दिली. बाई शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. पहिल्या दिवशी त्यांनी मला ताट वाढलं आणि विचारलं, "मासे खातोस ना?" मी नाही म्हणलो नाही. मला नाही म्हणताच येत नाही. काट्यासकट गिळलं. नंतर कळल्यावर त्यांनी मला काटे काढायला शिकवलं, पहिलीतल्या मुलाला पाटी धरायला शिकवावं तसं. या दोघांचे उपकार किती, हे मी मोजायला जात नाही. एवढं खरं की मी त्यांच्याकडं कायम जरा घाबरून राहिलो. आपल्या हातून काही मोडेल, काही बिघडेल आणि मग हे म्हणतील, चल, निघ. ते कधी म्हणाले नाहीत. पण नट आवळला की मी तो पुन्हा बघतो आणि झोपायच्या आधी अजून एकदा बघतो.

एवढी वर्षं झाली तरी अंकल मला पाहुण्याच म्हणतात.

पंपाच्या खोलीतल्या त्यांच्या वर्कशॉपात एक रीत होती. इंजिन उघडून पॅक केलं की पहिली किक बाईंची. गाडी कुणाचीही असो. बाई स्वयंपाकघरातून ओले हात गाऊनला पुसत यायच्या, टाकीवर अंगठ्यानं क्रूस काढायच्या आणि किक मारायच्या. उभ्या उभ्या, चप्पल न काढता. पहिल्या किकला गाडी सुरू झाली तर अंकल म्हणायचे, "माझं काम बघ." नाही झाली तर, "तुझा पाय बघ." बाई म्हणायच्या, "माझा पाय पाया पडण्यासारखा आहे, म्हणून तुझं पोट भरतंय." त्या अंकलना अरे-तुरे करतात. सुरुवातीला मी दचकायचो. आमच्याकडं कुणी बाई नवऱ्याला असं चारचौघांत बोलली असती, तर गावभर झालं असतं.

साडेतीनशेची पहिली किक राहून गेली. अंकल हॉस्पिटलात असताना मी उरलेले नट आवळले आणि गाडीवर चादर टाकली.

ते घरी आले. डावा पाय हळूहळू सुधारला, जरा ओढत का होईना चालायला लागले. तोंड सरळ झालं. हात तसाच. वर जातो, खाली येतो, मूठही होते, पण धरलंय की सुटलंय हे त्यांना बघितल्याशिवाय कळत नाही. आणि डावा खांदा खाली उतरला तो उतरलाच.

एक दिवस त्यांनी चादर काढली. म्हणाले, "क्लच उजवीकडे घे."

"उजवीकडं ब्रेक आहे अंकल. अॅक्सिलरेटर आहे."

"त्याच्याच खाली अजून एक लिव्हर दे. चार बोटं आहेत ना मला? दोन वर, दोन खाली."

"बाई काय म्हणतील?"

"बाईला मी बघतो. मला एकदा या गाडीवरून क्रूसापर्यंत जाऊन यायचंय. पुढचं पुढे."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना क्रूस आहे, पांढऱ्या चुन्याचा. वर्कशॉपातल्या प्रत्येक गाडीची पहिली फेरी तिथपर्यंतच असते.

त्या संध्याकाळी दोघांचं ओट्यावर भांडण झालं. मला कळू नये असं काही असलं की ते घरच्या बोलीत बोलतात. सुरुवातीला मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मग ऐकून ऐकून सगळं कळायला लागलं, पण सांगायचं राहून गेलं आणि नंतर सांगायची भीती वाटायला लागली. म्हणतील, इतके दिवस कान लावून बसला होता. त्यामुळं मी खाली मान घालून प्लग घासत बसायचो.

अंकल म्हणत होते, मला या खुर्चीत बसवून मारणार आहेस का? बाई म्हणत होत्या, तू पडलास तर मी एकटी काय करू ते सांग आधी. अंकल म्हणाले, पाहुणा आहे ना. बाई म्हणाल्या, त्या पोराला यात ओढू नको, त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, माहीत आहे तुला.

हे म्हणणाऱ्या बाईच दुसऱ्या दिवशी चहा घेऊन पंपाच्या खोलीत आल्या. कप ठेवला, पदर नसला तरी पदराशी चाळा करावा तसा गाऊनचा खिसा चाचपत उभ्या राहिल्या.

"ते उजवीकडे क्लचचं करतोयस?"

"अंकलनी सांगितलंय."

"कर. पण पुरं करू नको. आज हे मिळालं नाही, उद्या ते बसलं नाही, असं चालू दे. त्याचं मनही राहील आणि…" त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "करशील ना एवढं?"

मी हो म्हणालो. अंकलनाही हो म्हणालो होतो. दोन हो घेऊन मी सातिवलीला गेलो.

तिथं आमचा एक लेथवाला आहे, मूळचा जूचंद्रचा. आमचे बुश, रॉड, पट्ट्या सगळं तोच करून देतो. मी दुहेरी लिव्हरचं माप सांगितलं तसं त्यानं मशीन बंद केलं.

"कोन चालवनार ही?"

"अंकल."

"एका हातानं ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटर? मानूस हाय का देव?"

"तुम्ही बनवून द्या ना. सावकाश द्या. घाई नाही."

"घाई नाय?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू आयुष्यात पहिल्यांदा बोल्लास घाई नाय. पानी पी आधी. तोंड बघ तुझा."

मी पाणी प्यालो. आणि त्या माणसानं, नको तेव्हा, आमचं काम सगळ्यांच्या आधी घेतलं. मी स्टुलावर बसेपर्यंत पट्टी कापून झाली होती.

आता माझ्याकडं सबब उरली नाही. दुहेरी लिव्हर बसवली, वायर ओढली. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी मोठ्या स्टँडवर चढवली. बाईंनी टाकीवर क्रूस काढला, पण किक मारायला पाय लावला नाही. "माझं मन नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या. किक मी मारली. गाडी लगेच उठली आणि मला तेही जरा अपशकुनासारखं वाटलं.

अंकल बसले. खालच्या लिव्हरवर दोन बोटं घातली, दाबली. मूठ वळली तसा अॅक्सिलरेटरही वळला. इंजिन किंचाळलं. त्यांनी सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा किंचाळलं. वाडीच्या तिन्ही बाजूंना आता सात-सात मजले आहेत. आवाज वर जाऊन दुप्पट होऊन खाली येतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक साहेब बाल्कनीत आले.

"अहो अंकल, मुलांच्या परीक्षा आहेत!"

"माझीपण!" अंकल ओरडले.

पण ते नापास झाले. चार बोटांत तीन कामं बसत नव्हती. क्लच सोडायला गेले की ब्रेक सुटायचा, ब्रेक धरला की मूठ फिरायची. घामाघूम झाले. मग त्यांनी चावी फिरवली, गाडीवरून उतरायला माझा खांदा धरला आणि म्हणाले, "ही गाडी नाही राहिली, बाजाची पेटी झाली."

त्यानंतर ते वर्कशॉपात आलेच नाहीत. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे ते उन्हं आली तरी तिथंच. कुणी गाडी घेऊन आलं तर "त्याला दाखव" म्हणून माझ्याकडं बोट करायचे. ताटातले मासे तसेच राहायचे. तापलेला चहा डाव्या हातात घ्यायचे, मुद्दाम, आणि बघत बसायचे. बाई कप काढून घ्यायच्या.

बाईंना हवं होतं तसं झालं होतं. गाडी पुरी झाली नाही, त्यात माझा दोषही नाही. मी घासलेले प्लग पुन्हा घासत होतो. भिंतीवरचे पाने मापानुसार लावले, मग पुन्हा काढून लावले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. फक्त घास गिळताना घशात काटा असल्यासारखं व्हायचं आणि काटा नसायचा.

एका दुपारी बाई आत आल्या. चहा नव्हता हातात. गाडीवरची चादर त्यांनीच ओढली. बराच वेळ त्या कुबडाच्या सीटकडं बघत होत्या.

"माझी सीट यानेच काढली," त्या म्हणाल्या. "रेसची गाडी करायची होती. मी म्हटलं, आणि मी कुठे बसू? तर म्हणाला, तुला रिक्षा आहे." मग वर बघितलं. "ती जुनी सीट अजून आहे का रे?"

होती. आढ्याला तारेनं टांगलेली, धुळीनं राखाडी, एका कोपऱ्यात उंदरानं फोम कोरलेला. मी शिडी लावून काढली. एकट्याची सीट खोलून ती नुसतीच वर ठेवली. बाईंनी स्टुलावर पाय देऊन दोन्हीकडं पाय टाकले आणि मागं बसल्या. पुढची जागा रिकामी. उजवा हात पुढं, नसलेल्या माणसाच्या कमरेला. डावा हात सीटच्या कडेला.

"इथे दांडा होता. धरायचा. तो पण कापला त्याने."

"हो. खुणा आहेत वेल्डिंगच्या."

"मी इथे धरायचे," त्या बोटं वळवून दाखवत म्हणाल्या. "आणि हा गिअर टाकायच्या आधी डावा खांदा खाली घ्यायचा. नाही कळलं तर माझं कपाळ त्याच्या डोक्यावर आपटायचं. म्हणून शिकले. मला गिअर त्याच्याइतकाच कळायचा." मग जरा थांबून, वर्गात फळ्याकडं पाठ करून बोलतात तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "क्लच मला दे."

मला कळायला वेळ लागला.

"इथे दांडा परत लाव. त्याच्याखाली लिव्हर. तो गिअर टाकेल, क्लच मी दाबेन."

"बाई, तुम्हाला… तुम्ही आणि अंकल दोघं?"

"मग? माझ्याशिवाय गाडी हलणारच नाही, असं कर. म्हणजे त्यालाही जाता येईल आणि मलाही झोप लागेल."

असं काम मी कधी केलं नव्हतं, आणि केलेलं ऐकलंही नव्हतं. पण हे दोन्ही हो एकाच लिव्हरवर येत होते. मी मान हलवली.

माप बाईंच्या हाताचं घेतलं. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात, म्हणून लिव्हर लांब घेतली. लांब लिव्हर हलकी दाबली जाते. टोकाला बोट घसरू नये म्हणून गोळा ठेवला. दांडा जुन्या खुणांवरच बसवला. मागचे फुटरेस्ट लावले. फोमच्या भोकात नवा तुकडा भरून सीटला वरून रेग्झीन चढवलं. अंकलचा डावा हात हँडलवरून घसरू नये म्हणून जुन्या टायरच्या ट्यूबची एक पिशवीसारखी वाटी शिवली. हात त्यात घातला की जागेवर राहतो. लेथवाल्याला यावेळी मी म्हणलो, लवकर द्या. तो म्हणाला, "आता बरा दिसतोस."

अंकलना सांगायला बाई स्वतः गेल्या. मी पंपाच्या खोलीत थांबलो. घरच्या बोलीत बराच वेळ गेला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाय ओढत ते आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. लांब सीट बघितली. दांडा बघितला. उजव्या हातानं लिव्हर दाबून सोडली, पुन्हा दाबली.

"मला ड्रायव्हर केलं हिने," ते मला म्हणाले.

"आणि मला क्लीनर," बाई म्हणाल्या.

"वायर जरा सैल आहे, पाहुण्या."

वायर सैल नव्हती. पण ते काहीतरी चूक काढत होते, म्हणून मी अर्धा आटा आवळला.

पहिला सराव स्टँडवरच. मागचं चाक अधांतरी. अंकलनी पायानं गिअर टाकला आणि आतून दात घासल्याचा असा आवाज आला की माझेच दात आंबले.

"दाबला का नाहीस?"

"तू सांगितलंस कुठे?"

"खांदा दिला ना!"

"खांदा?" बाईंचा आवाज चढला. "तो खांदा आता पडलेलाच असतो! त्यातून मी काय ओळखू?"

अंकल पुढं बघत राहिले, हँडलवरच्या त्या रबरी वाटीत आपला हात आहे की नाही ते बघत असावेत. विहिरीवर कुणाची तरी मांजर येऊन बसली होती. मला वाटलं, संपलं. आता हे उतरतील आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील, आणि ती खुर्ची शेवटची असेल. मी पुढं होऊन म्हणणार होतो, मी हात करून सांगू का, काहीतरी. मूर्खासारखं. मी गाडीबरोबर क्रूसापर्यंत पळणार होतो की काय?

"पुन्हा टाक," बाई मागून म्हणाल्या. त्यांचा उजवा हात अंकलच्या पोटावर होता. "नुसता टाकायचा विचार कर. टाकू नको."

अंकलनी विचार केला असावा.

"पुन्हा."

पुन्हा.

"तू श्वास आत घेतोस," बाई म्हणाल्या. "गिअर टाकायच्या आधी. आणि धरून ठेवतोस."

"मी? काहीतरीच."

"तुला काय माहीत? तुझं पोट माझ्या हातात आहे. टाक."

गिअर पडला. आवाज न होता. नुसता 'टक्'. पुढचाही पडला. उलटेही आले. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि अंकलनी एकदा मागं वळून बघितलं तर त्या म्हणाल्या, "पुढे बघ. मागचं माझं मी बघते."

असा सराव बरेच दिवस चालला. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब आधी ओरडायला आणि नंतर बघायला यायचे.

मग एका दुपारी, गल्लीत कुणी नसतं अशा वेळी, गाडी खाली उतरवली. बाईंनी पंजाबी ड्रेस घातला होता. टाकीवर अंगठ्यानं क्रूस काढला. किक मारली, चप्पल न काढता. पहिल्याच किकला. अंकल म्हणाले, "माझं काम बघ." बाई म्हणाल्या, "हात बघ पाहुण्याचे, तुझं काय." मी दोघांच्या हेल्मेटचे पट्टे बघितले. पुन्हा बघितले. अंकलचा डावा हात वाटीत घातला, वरून पट्टी लावली, ओढली की लगेच सुटेल अशी.

"क्रूसापर्यंत," बाई म्हणाल्या. "पुढे एक वीत नाही."

फाटकापाशी बंद पडली. पुन्हा किक, यावेळी माझी. मग ती निघाली, आधी दोन्ही पायांनी चाचपडत, मग पाय वर घेऊन. त्या गल्लीला शेवटी वळण आहे, तिथून पुढं मला दिसत नाही. मी फाटकाचा खांब धरून ऐकत उभा राहिलो. पहिला. आवाज चढला, तुटला, दुसरा. जरा उशिरा, पण पडला. मग तिसरा, अगदी सरळ, एकाच माणसानं टाकावा तसा. निळसर धूर केळीच्या पानांतून रेंगाळत होता. मग आवाज लांब गेला आणि बंद झाला.

क्रूसापाशी वळवण्यासाठी थांबले असतील, हे मला माहीत होतं. तरी पळत जावं असं वाटलं आणि पाय उचलले नाहीत. आतलं ते झोपलेलं जे काही होतं, ते तसंच होतं. फक्त माझ्या लक्षात आलं की डाव्या हातानं मी फाटकाची कडी दाबून धरली आहे आणि ती सोडायची केव्हा हे मला कळत नाहीये.

मग किकचा आवाज. एकदा. दोनदा. आणि ते इंजिन.

परत आले तेव्हा अंकलचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाईंनी हेल्मेट काढलं, केस सगळे विस्कटलेले. डावा हात झटकत म्हणाल्या, "मुंग्या आल्या माझ्या हाताला." अंकलनी चांगल्या हातानं तो हात घेतला आणि चोळायला लागले. मी सवयीप्रमाणं दोन्ही सिलेंडर सारखे तापलेत का ते बघायला वाकलो. ते घरच्या बोलीत बोलत होते. दुसऱ्या गिअरला तू उशीर केलास, असं अंकल म्हणत होते. उशीर तुझ्या श्वासाने केला, बाई म्हणाल्या. मग अंकल म्हणाले, इतक्या वर्षांच्या संसारात तू माझं असं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतंस. आणि बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत तू गप्प बसून नुसता श्वास घेतला होतास कधी?

मी हसलो.

अगदी मोठ्यानं. मला थांबवताच आलं नाही, आणि माझंच हसू ऐकून मी दचकलो. वर बघितलं तर दोघं माझ्याकडं बघत होते.

"तुला कळतं?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"लई दिवसांपासून."

बाईंचा चेहरा बदलला. त्या मागचं सगळं आठवत असाव्यात, ओट्यावरचं, पोराला ओढू नको म्हणालेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते आता होणार. चल, निघ.

अंकलनी वाटीतून डावा हात काढला, उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघत मान हलवली.

"हा पाहुणा नाही," ते बाईंना म्हणाले, आणि यावेळी घरच्याच बोलीत, मला ऐकू जाईल असं. "हा घरभेदी आहे. वाढ त्याला. आणि दुसऱ्याला उशीर कुणाचा झाला ते विचार. त्याने सगळं ऐकलं असेल."

मी ऐकलं होतं. उशीर अंकलचाच होता. पण ते मी, त्यांच्या बोलीत, जेवताना सांगितलं. माझा उच्चार ऐकून बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.